पंख फुटण्याआधी: विषाणू पसरवणाऱ्या किडींची पिल्ले शेतातच कशी ओळखावीत

पुणे जिल्ह्यात टोमॅटो, मिरची, भेंडी, कांदा किंवा पपई घेणाऱ्या बहुतेक शेतकऱ्यांना पांढरी माशी, फुलकिडे आणि मावा ही नावे तोंडपाठ असतात. मात्र या किडींची ओळख बहुधा त्यांच्या पंख असलेल्या प्रौढ अवस्थेपुरतीच असते. झाड हलवल्यावर उडणारी पांढरी माशी सर्वांना दिसते. पण त्याच झाडाच्या खालच्या पानांना चिकटून बसलेली, खवल्यासारखी दिसणारी तिची पिल्ले क्वचितच कोणी पाहते. विषाणूरोगांच्या बाबतीत ही उणीव महागात पडते. विषाणूने ग्रासलेले झाड कोणत्याही औषधाने बरे होत नाही, त्यामुळे आपल्या हातात उरते ते वाहक किडीची पुढची पिढी वेळेत हेरणे, आणि ती पिढी पिल्लांच्या रूपात पानाखाली आधीच हजर असते.

2020 च्या उन्हाळ्यात जुन्नर आणि आसपासच्या पट्ट्यात टोमॅटोची फळे एकसारखी लाल न होता पिवळी, हिरवी आणि लाल अशी चट्ट्याचट्ट्यांनी पिकू लागली, तेव्हा शेतकऱ्यांनी त्या विकृतीला ‘तिरंगा’ असे नाव दिले. तपासणीत काकडी मोझॅकसह एकापेक्षा अधिक विषाणू आढळले. काकडी मोझॅक मावा पसरवतो, शेंडेमरीचा विषाणू फुलकिडे पसरवतात आणि पर्णगुच्छाचा, म्हणजे बोकड्याचा, विषाणू पांढरी माशी पसरवते. एकाच शेतात हे तिन्ही वाहक एकाच वेळी असू शकतात. म्हणून ‘व्हायरस आला’ एवढे निदान पुरेसे नाही; कोणती कीड आपल्या शेतात पिल्ले घालत आहे, हे पाहिल्याशिवाय पुढचे पाऊल ठरवता येत नाही.

तयारी आणि वेळ

यासाठी फार मोठी साधने लागत नाहीत. दहा ते वीस पट मोठे दाखवणारे घडीचे भिंग, एक पांढरा आणि एक काळा जाड कागद, चित्रकलेचा बारीक ब्रश, सत्तर टक्के अल्कोहोल भरलेल्या दोनचार लहान बाटल्या, काही प्लास्टिकच्या पिशव्या आणि वही एवढे पुरते. मोबाइलला लावायचे मॅक्रो भिंग असेल तर छायाचित्र काढून ते मोठे करून पाहता येते आणि तज्ज्ञाला पाठवता येते. भिंग डोळ्याला अगदी टेकवावे आणि पान भिंगाजवळ आणावे. भिंग पानावर धरून लांबून पाहण्याची सवय अनेकांना असते आणि मग काही दिसत नाही म्हणून ते भिंग घरातच राहते.

पाहणी सकाळी लवकर, ऊन चढण्याआधी करावी. त्या वेळी प्रौढ किडी मंद असतात आणि पान उलटले तरी लगेच उडत नाहीत. शेतात नागमोडी चालत एकरी किमान वीस झाडे पाहावीत. बांधालगतची, ओढ्याकडची आणि जुन्या पिकाला लागून असलेली झाडे त्यांत असायलाच हवीत, कारण किडीचा शिरकाव तिथूनच होतो. प्रत्येक झाडाचे शेंड्याकडचे, मधले आणि खालचे अशी तीन पाने पाहावीत. पान तोडू नये. देठाशी दोन बोटांत धरून हळूच उलटावे.

इथे पिवळ्या चिकट सापळ्यांविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सापळे उपयोगाचे आहेत आणि ते लावावेतच, पण त्यांवर फक्त उडणारे प्रौढ चिकटतात. पांढऱ्या माशीची पिल्ले पानाला खिळलेली असतात, फुलकिड्यांची पिल्ले उडू शकत नाहीत, माव्याच्या पिल्लांनाही पंख नसतात. पुरंदर तालुक्यातील एका टोमॅटोच्या प्लॉटमध्ये सापळे जवळजवळ स्वच्छ होते, म्हणून शेतकरी निश्चिंत होता. आम्ही खालची पाने उलटली तेव्हा त्यांवर पांढऱ्या माशीचे कोष इतके दाट होते की बोट ठेवायला जागा नव्हती. आठवडाभरात त्याच सापळ्यांवर पांढरा थर बसला. सापळा झालेली गोष्ट सांगतो, पान होणारी गोष्ट सांगते.

पांढरी माशी: वरून खाली वाचायचे पीक

पांढऱ्या माशीची मादी कोवळ्या पानांच्या खालच्या बाजूला अंडी घालते. झाड वाढत जाते, नवी पाने वर येतात आणि अंडी घातलेले पान खाली राहते. त्यामुळे एकाच झाडावर शेंड्याकडे प्रौढ आणि अंडी, मधल्या पानांवर लहान पिल्ले आणि खालच्या पानांवर कोष असा क्रम सापडतो. हा क्रम एकदा लक्षात आला की शोध सोपा होतो. ज्या पानावर माश्या उडताना दिसतात त्याच पानावर पिल्ले शोधणे ही नेहमीची चूक आहे. पिल्ले दोनचार पाने खाली असतात.

अंडे सुमारे 0.2 मिलिमीटर लांबीचे, लांबट आणि एका बारीक देठाने पानात रोवून उभे असते. सुरुवातीला ते पांढरट असते आणि फुटण्याआधी तपकिरी होते. त्यातून निघालेल्या पहिल्या अवस्थेतील पिल्लाला पाय असतात. ते थोडे अंतर रांगते, जागा निवडते आणि सोंड खुपसून तिथेच बसते. पुढच्या अवस्थांत ते जागचे हलत नाही आणि म्हणूनच कीड वाटत नाही. दिसते ते एक चपटे, लंबगोल, फिकट पिवळसर हिरवे, जवळजवळ पारदर्शक खवले. पान थोडे तिरके धरून उजेडाकडे नेले की हे खवले चमकतात. सरळ पाहिले तर पानाच्या रंगात मिसळून जातात. चौथ्या अवस्थेच्या शेवटी, ज्याला शेतकरी कोष म्हणतात, ते पिल्लू थोडे फुगीर व अधिक पिवळे होते आणि त्यात दोन लाल डोळे स्पष्ट दिसतात. लाल डोळे दिसले म्हणजे माशी एकदोन दिवसांत बाहेर पडणार. उबदार हवेत अंड्यापासून माशीपर्यंतचा प्रवास सुमारे तीन आठवड्यांत पुरा होतो.

रिकामा कोषसुद्धा माहिती देतो. माशी बाहेर पडताना कोषाच्या पाठीवर इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी चीर पडते. त्याऐवजी गोल, कडा स्वच्छ असलेले छिद्र दिसले, तर त्या कोषातून माशी नव्हे, तर तिच्यावर जगणारी सूक्ष्म गांधीलमाशी बाहेर पडली आहे. काही कोष तपकिरी किंवा काळपट पडलेले असतील, तर त्यांतही बहुधा हीच मित्रकीटक वाढत असते. अशा कोषांचे प्रमाण चांगले असेल तर सरसकट फवारणी करण्याआधी दोनदा विचार करावा. आपल्याकडे विषाणू पसरवणारी प्रमुख जात म्हणजे बेमिसिया टॅबासी. तिच्या कोषाच्या कडा उताराच्या असतात आणि कडेने मेणाची झालर नसते. पॉलिहाऊसमध्ये आढळणाऱ्या दुसऱ्या एका पांढऱ्या माशीचा कोष डबीसारखा उभ्या कडांचा असतो आणि त्यावर मेणाचे तंतू दिसतात. टोमॅटोसारख्या लव असलेल्या पानांवर बेमिसियाच्या पिल्लाच्या पाठीवरही काही केस येतात, तेवढ्यावरून जात वेगळी ठरवू नये.

या पिल्लांचा विषाणूशी संबंध समजून घेण्यासारखा आहे. बोकड्या झालेल्या टोमॅटोवर किंवा केवडा, म्हणजे शिरा पिवळ्या पडण्याचा रोग, झालेल्या भेंडीवर वाढणारे पिल्लू रस शोषताना विषाणू शरीरात घेते. तो विषाणू रक्तात आणि लाळग्रंथींत जातो, कात टाकल्याने सुटत नाही, आणि त्या पिल्लाची माशी झाली की ती पहिल्या उड्डाणापासूनच विषाणू घेऊन निघते. पिल्लू स्वतः दुसऱ्या झाडावर जाऊ शकत नाही, म्हणून ते स्वतः रोग पसरवत नाही. मात्र रोगट झाडाच्या खालच्या पानांवरचा प्रत्येक कोष हा उद्याचा तयार वाहक असतो. म्हणून रोगट झाड उपटताना ते झटकत शेतातून ओढत नेऊ नये. आधी त्यावर प्लास्टिकची मोठी पिशवी घालावी, मग मुळासकट काढावे आणि पिशवीसह शेताबाहेर नेऊन पुरावे. उपटून बांधावर टाकलेल्या झाडावरचे पक्व कोष पान पूर्ण सुकण्याआधी फुटू शकतात.

फुलकिडे: इथे पिल्लूच निर्णायक

टोमॅटोची कोवळी पाने तांबूस होऊन शेंडा करपतो, खोडावर काळपट रेषा येतात आणि फळांवर गोलाकार वलये उमटतात. हा रोग भुईमुगावरील शेंडेमरीच्याच विषाणूमुळे होतो आणि तो प्रामुख्याने थ्रिप्स पाल्मी ही फुलकिड्यांची जात पसरवते. कलिंगडावरील शेंडेमर आणि कांद्याच्या पातीवर भाल्याच्या पात्यासारखे पिवळसर चट्टे पाडणारा रोग हे याच गटातले. कांद्यावरील रोगाचा वाहक थ्रिप्स टॅबासी आहे.

या गटातील विषाणूंचे एक वैशिष्ट्य प्रत्येक उत्पादकाने मनात पक्के ठेवावे: विषाणू घेण्याची क्षमता फुलकिड्याच्या लहान पिल्लातच असते. पहिल्या किंवा दुसऱ्या अवस्थेच्या आरंभी पिल्लाने रोगट झाडावर रस शोषला, तर विषाणू त्याच्या शरीरात वाढतो आणि प्रौढ झाल्यावर तो फुलकिडा आयुष्यभर रोग पसरवतो. निरोगी वाढलेला प्रौढ नंतर रोगट झाडावर कितीही बसला तरी तो वाहक होत नाही. शिवाय विषाणू आईकडून अंड्यात जात नाही, त्यामुळे प्रत्येक पिढीला तो नव्याने घ्यावा लागतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की रोग तिथेच पेटतो, जिथे रोगट झाड आणि फुलकिड्यांची पिल्ले एकत्र असतात. रोगट झाडावर पिल्ले सापडली तर त्या दिवशी बाकीची कामे बाजूला ठेवून ते झाड काढावे.

मादी अंडी पानाच्या आत खुपसते, म्हणून ती दिसत नाहीत आणि रोपवाटिकेतून आलेल्या ‘स्वच्छ’ रोपांबरोबर ती शेतात येतात. पहिल्या अवस्थेचे पिल्लू अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, पांढरट, पारदर्शक आणि लालसर डोळ्यांचे असते. दुसऱ्या अवस्थेचे थोडे मोठे, एक मिलिमीटरपर्यंतचे आणि पिवळे असते. दोन्हींचा आकार दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि पंखांचा मागमूस नसतो. टोमॅटो, वांगी आणि वेलवर्गीय पिकांत ती पानाच्या खालच्या बाजूला मुख्य शिरेच्या कडेने ओळीने बसलेली सापडतात. त्यांच्या आसपास चंदेरी ओरखडे आणि विष्ठेचे बारीक काळे ठिपके असतात. कांद्यात बाहेरची पात पाहून काही कळत नाही. मधली पात बोटांनी अलगद फाकवून मानेजवळच्या पोंग्यात पाहावे. रब्बी कांद्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन वाढू लागते, तेव्हा ही पाहणी आठवड्यातून दोनदा व्हावी.

दुसऱ्या अवस्थेनंतर पिल्लू खाणे थांबवते आणि बहुधा झाडावरून उतरून मातीत किंवा पाचोळ्यात कोषावस्थेत जाते. या काळात झाडावर पिल्ले एकदम कमी दिसतात, फवारणी लागू पडली असे वाटते आणि काही दिवसांनी प्रौढांची लाट येते. वहीत तारखा लिहिलेल्या असतील तर हा फसवा खंड ओळखता येतो.

तपासणीची सर्वांत सोपी रीत म्हणजे काळ्या कागदावर शेंडा किंवा फूल चारपाच वेळा टिचकी मारून झटकणे. पिवळी पिल्ले काळ्यावर उठून दिसतात, गडद रंगाचे प्रौढ पांढऱ्यावर. कागदावर जे चालते ते सारे फुलकिडे नसतात. आठ पायांचा, गोलसर आणि झपाट्याने पळणारा जीव दिसला तर तो कोळी (माइट) आहे, आणि वेगाने पळणारे कोळी पुष्कळदा मित्र असतात. फुलकिड्याच्या पिल्लाला सहा पाय असतात आणि ते तुलनेने संथ चालते.

मिरचीत गोंधळ सर्वांत जास्त होतो, कारण तिथे ‘बोकड्या’ हा एकच शब्द तीन कारणांसाठी वापरला जातो. फुलकिड्यांमुळे पानांच्या कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखे होते. पिवळ्या कोळ्यामुळे पान खालच्या बाजूला वळते आणि देठ लांबतो. पांढऱ्या माशीने आणलेल्या विषाणूमुळे पाने लहान, जाड, सुरकुतलेली होतात, पेरे आखूड राहतात आणि झाड खुजे होते. पान कसे वळले आहे यावरून तर्क करावा, पण निर्णय भिंगाखाली जे सापडेल त्यावरच घ्यावा, कारण कोळ्यावर कीटकनाशक आणि विषाणूवर कोळीनाशक मारून हंगाम गेलेले प्लॉट मी पाहिले आहेत.

एक अपवाद मात्र ध्यानात असावा. तंबाखू स्ट्रीक नावाचा विषाणू गाजर गवतासारख्या तणांच्या परागकणांतून येतो आणि फुलकिडे ते पराग अंगावर वाहून नेतात. तिथे पिल्लांचा वरील नियम लागू होत नाही. तिथे बांधावरचे गाजर गवत फुलण्यापूर्वी काढणे हेच खरे काम आहे.

मावा: पिल्लांच्या खांद्यांकडे पाहा

आपल्या हवामानात मावा अंडी घालत बसत नाही. माद्या नराशिवाय थेट पिल्लांना जन्म देतात आणि आठवड्याभरात ती पिल्लेही माता होतात. पिल्लू प्रौढाचीच छोटी प्रत असते: नासपतीसारखे शरीर आणि मागच्या बाजूला बाहेर आलेल्या दोन नळ्या. या नळ्या दिसल्या की मावा निश्चित. चवळीवरील मावा प्रौढपणी चकचकीत काळा असतो, पण त्याची पिल्ले राखाडी आणि मेणाची पूड लागल्यासारखी असतात, म्हणून एकाच शेंड्यावर दोन किडी आहेत असा समज होतो. पानांवर सांडलेले पांढरे कागदी कपचे म्हणजे माव्याने टाकलेली कात असते. तिला पांढरी माशी समजून फवारणी केल्याची उदाहरणे कमी नाहीत.

काकडी मोझॅक आणि पपईवरील रिंगस्पॉट हे विषाणू माव्याच्या सोंडेच्या टोकाला चिकटून जातात. मावा ते काही सेकंदांच्या टोचणीत घेतो आणि तितक्याच वेगाने पुढच्या झाडात सोडतो. कात टाकताना सोंडेचे अस्तरही निघून जाते, त्यामुळे पिल्लाने घेतलेला विषाणू कात टाकल्यावर उरत नाही. म्हणजे फुलकिड्यांच्या अगदी उलट. मग माव्याची पिल्ले पाहायची कशासाठी? तर त्यांच्या खांद्यांसाठी. वस्ती दाट झाली किंवा झाड सुकू लागले की काही पिल्लांच्या छातीच्या दोन्ही बाजूंना छोट्या गाद्यांसारखे उंचवटे येतात. ते पंखांचे अंकुर होत. असे अंकुर असलेली पिल्ले दिसू लागली, म्हणजे दोनतीन दिवसांत पंख असलेला मावा उडून आसपासच्या शेतांत टोचत हिंडणार आहे.

पपईच्या बाबतीत तर पिल्ले पपईवर शोधूच नयेत. मावा सहसा पपईवर वस्ती करत नाही. तो शेजारच्या काकडीवरून, चवळीवरून, कपाशीवरून किंवा तणांवरून येतो, टोचून पाहतो आणि निघून जातो. पाहणी त्या शेजारच्या पिकांवर करावी. टोचणी सेकंदांत संपत असल्याने पपईवर कीटकनाशक मारून हा प्रसार थांबत नाही. त्यापेक्षा बागेभोवती मका किंवा ज्वारीच्या दाट ओळी लावणे उपयोगी ठरते, कारण मावा आधी तिथे टोचून सोंड स्वच्छ करतो.

माव्याच्या वस्तीत फुगलेले, तपकिरी, कडक झालेले मावे दिसले तर त्यांत परोपजीवी वाढत आहे असे समजावे. सुसरीसारख्या आकाराच्या, काळ्या-नारिंगी ठिपक्यांच्या चपळ अळ्या ढालकिड्याच्या असतात आणि बिनपायाच्या, हिरवट, शेंड्यावर सरपटणाऱ्या अळ्या सिरफिड माशीच्या. या बाल्यावस्थांना ‘नवी अळी आली’ म्हणून मारू नये.

तुडतुडे आणि पिठ्या ढेकूण

भेंडी, वांगी आणि कपाशीवरील हिरव्या तुडतुड्यांची पिल्ले स्पर्श होताच तिरकी चालतात. ओळखण्यासाठी एवढी खूण पुरे. त्यांच्यामुळे पानांच्या कडा पिवळ्या, मग तांबूस होऊन करपतात, पण हा विषाणू नाही, शोषण्याचा परिणाम आहे. भेंडीचा केवडा शिरांपासून पिवळा होतो, तुडतुड्यांचा पिवळेपणा कडेपासून सुरू होतो. द्राक्षबागेत पानांच्या कडा खाली वळवणारा विषाणू पिठ्या ढेकणाच्या पहिल्या अवस्थेतील रांगत्या पिल्लांमुळे सहज पसरतो. ही पिल्ले पिवळसर किंवा गुलाबीसर असतात आणि त्यांवर मेण नसते, म्हणून ‘पिठ्या’ या नावाला ती शोभत नाहीत. सैल सालीखाली आणि मुंग्यांच्या वाटेवर शोधावीत.

सापडल्यावर

लागवडीआधी ट्रेमधील रोपे तपासणे ही सर्वांत स्वस्त पाहणी आहे. प्रत्येक ट्रेतील चारपाच रोपांची पाने उलटून पाहावीत आणि शंका आल्यास काही पाने डबीत ओल्या टिश्यू कागदावर चारपाच दिवस ठेवावीत. पानात दडलेली फुलकिड्यांची अंडी फुटून पिल्ले तिथे दिसू लागतात.

फवारणीचा निर्णय अवस्थेवर घ्यावा. ब्युप्रोफेझिनसारखी कात टाकण्यात अडथळा आणणारी औषधे पिल्लांवर चालतात, प्रौढ माशीला मारत नाहीत. त्यामुळे माश्या उडताना दिसतात म्हणून असे औषध मारणे आणि मग ‘रिझल्ट नाही’ म्हणणे चुकीचे आहे. लेबलवर आपले पीक आणि आपली कीड दोन्ही नमूद असतील तरच औषध वापरावे. फवारा पानाच्या खालच्या बाजूला पोहोचला की नाही हे फवारणीनंतर लगेच पान उलटून पाहावे. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके वारंवार मारल्यास मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी आणखी वाढते.

भिंगाने गट ओळखता येतो. जात ओळखण्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो, आणि फुलकिड्यांच्या पिल्लांवरून तर जात सांगणे तज्ज्ञालाही कठीण जाते. म्हणून नमुन्यात पिल्लांबरोबर प्रौढही असावेत. ओल्या ब्रशने उचलून दोन्ही अल्कोहोलच्या बाटलीत घालावेत. रोगट पाने मात्र अल्कोहोलमध्ये न टाकता कागदात गुंडाळून, पिशवीत घालून थंड जागी ठेवावीत. बाटलीत आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाकावी, कारण शाईचे अक्षर अल्कोहोलमध्ये विरघळते. चिठ्ठीवर तारीख, गाव, पीक, लागवडीची तारीख आणि पानाची जागा लिहावी. मग नमुना नारायणगाव किंवा बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात, शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र विभागात किंवा कांद्याचा असल्यास राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेत न्यावा, आणि जाताना गेल्या पंधरा दिवसांच्या नोंदींची वही सोबत ठेवावी.